आभाळ, अळी आणि धुऱ्यावरची तूर

गोंदिया म्हटले की महाराष्ट्राला धान आठवते, आणि ते योग्यच आहे. वैनगंगा, बाघ, चुलबंद आणि गाढवी या नद्या, जुन्या मालगुजारांच्या काळचे तलाव, इटियाडोहचे कालवे आणि वर्षाकाठी सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस, एवढी सामग्री असल्यावर दुसरे काय पिकणार? १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा राईस मिलांचा जिल्हा म्हणूनच ओळखला जातो. परंतु नुसता भात वाढून कोणाचे जेवण होत नाही. भातावर वरण लागते, आणि त्या वरणाची कहाणी धानाच्या कहाणीइतकी कोणी सांगत नाही. ती आज सांगावी असे आम्हांला वाटते, कारण आमच्या धर्मग्रामातील बहुतेक घरांचे वर्षभराचे वरण आणि मुलांच्या फीचा निदान एक हप्ता तिच्यावर अवलंबून असतो.

आमच्याकडे धानाच्या एकेका तुकड्याला बांधी म्हणतात आणि बांधीभोवतीच्या मातीच्या उंच बांधाला धुरा. बांधीत पाणी साचलेले असते, तेथे तूर जगत नाही. म्हणून ती धुऱ्यावर टोकायची. तिला स्वतःचे शेत नाही, खत नाही, पाणी नाही. धानाच्या कुशीत वाढलेली ही तूर धान कापून नेल्यावर एकाएकी उघडी पडते आणि मग नोव्हेंबरात फुलावर येते. दुसरे कडधान्य लाखोळी. झाडीच्या बोलीत 'ळ'चा 'र' होतो, म्हणून तिला येथे सारे लाखोरीच म्हणतात. धान कापणीला दहापंधरा दिवस उरले असताना, बांधीतील चिखल ओला आहे तोवर, उभ्या धानातच तिचे बी फेकतात. नांगरट नाही, पेरणीचा खर्च नाही. कापणी झाली की उरलेल्या ओलाव्यावर आणि दवावर ती वाढते. वसईच्या आणि कोकणातील वाचकांना हे चमत्कारिक वाटणार नाही. भातानंतर त्याच ओलाव्यावर वाल घ्यावा हीच त्यांच्या वाडवडिलांची रीत. जेथे थोडे उंचावरचे शेत असेल तेथे हरभरा पेरतात. अशी ही तीन पिके, आणि तिघांचाही धनी एकच, तो म्हणजे हिवाळ्याचे आभाळ.

योगायोग असा की या पिकांचे वर्ष आपल्या उपासनेच्या वर्षाशी जुळते. आगमनकाळात तूर फुलते, नाताळात शेंगा भरू लागतात आणि सोल्यांची भाजी ताटात येते, राखेच्या बुधवाराच्या सुमारास कापणी होते. आगमनकाळातील रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात जी मंडळी घोळक्याने उभी राहतात, त्यांचे डोळे बोलताबोलता वर वळलेले दिसतील. पूर्वेकडून ढग आले आहेत काय? गार वारा पडला आहे काय? एखादी वृद्ध मावशी खास झाडीच्या बोलीत म्हणते, "आभार आला, आता अरी पडते." आभाळाला आभार म्हणणारी ही बोली आम्हांला फार आवडते, पण त्या दिवशी आभार मानण्याजोगे त्यात काही नसते.

आभाळ आले की अळी पडते, हा समज विदर्भात सर्वत्र आहे आणि तो खोटा नाही. फक्त त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. ढगातून अळी पडत नाही, हे शाळेत गेलेल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. तरीही ढगांनंतर चारसहा दिवसांनी ती दिसते, हे शाळेत न गेलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. या दोन ज्ञानांची गाठ घालून देणारे कोणी भेटत नाही, आणि तेथेच सारी गफलत होते.

तुरीवर आणि हरभऱ्यावर येणारी मुख्य कीड म्हणजे घाटे अळी. शास्त्रीय पुस्तकांत तिला हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा म्हणतात. कापूस, टोमॅटो, मका, सूर्यफूल, तूर, हरभरा, दीडशेहून अधिक वनस्पतींवर ती जगते. तेव्हा तिला उपाशी मारण्याचा विचार कोणी करू नये. तिचा मातकट रंगाचा पतंग संध्याकाळनंतर उडतो. मादी कळ्यांवर, फुलांवर, कोवळ्या शेंड्यांवर खसखशीच्या दाण्यासारखी अंडी एकेक करून घालते, आणि आपल्या आयुष्यात अशी कित्येक शेकडा, अनुकूल काळात हजारांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी आधी कोवळे भाग खरवडते, मग शेंगेला भोक पाडून अर्धे अंग आत व अर्धे बाहेर ठेवून दाणा खाते. एक अळी एका शेंगेवर थांबत नाही. पोट भरले की दुसरीकडे जाते. पूर्ण वाढल्यावर ती मातीत उतरते, तेथे कोष करते, आणि कोषातून पुन्हा पतंग.

आता या चक्राला किती दिवस लागावेत हे अळी ठरवीत नाही, हवा ठरविते. कीटकाच्या अंगात आपल्यासारखी ऊब धरून ठेवण्याची सोय नाही. बाहेर जेवढी ऊब, तेवढी त्याची वाढ. घाटे अळीची वाढ साधारण ११-१२ अंश सेल्सिअसच्या खाली जवळजवळ थांबते. त्याहून वर प्रत्येक अंशाने तिची घडी वेगाने चालते. उबदार दिवसांत अंडी तीनचार दिवसांत फुटतात आणि अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास महिन्याभरात पुरा होतो. कडाक्याच्या थंडीत याच अंड्यांना आठदहा दिवस लागू शकतात, अळी आळसावते, कधी कधी कोष मातीत निजून राहतो. डिसेंबर-जानेवारीत विदर्भातील सर्वांत थंड ठिकाण म्हणून गोंदियाचे नाव वर्तमानपत्रांत पुनःपुन्हा येते. नागपूरचे नातलग त्यावरून आमची थट्टा करतात. त्यांना आम्ही सांगतो की ही थंडी आमच्या तुरीची राखणदार आहे.

ढगांचा डाव येथेच कळतो. निरभ्र रात्री जमिनीची ऊब वर निघून जाते आणि पहाटे कडाका पडतो. आभाळ झाकलेले असले की ही ऊब पांघरुणाखाली राहावी तशी खाली राहते. रात्रीचे तापमान चारपाच अंशांनी चढे राहते. म्हणजे ज्या रात्री अळीची घडी थांबायची, त्याच रात्री ती चालू लागते. पतंग अशा उबदार, स्थिर, दमट रात्री अधिक उडतात, अधिक अंडी घालतात. दिवसा ऊन नसल्याने अंडी व नुकती जन्मलेली अळी करपत नाही. पाखरे आणि अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या झाकोळलेल्या दिवसांत मंदावतात. शिवाय हवेत ओलावा असला की तूर नवीन फुलोरा काढीत राहते, फुलण्याचा काळ लांबतो, आणि फुले जितके दिवस राहतील तितके दिवस अळीचे ताट वाढलेले राहते. एकूण पाहता आभाळाने अळी आणली नाही. जी आधीच अंड्याच्या रूपाने शेतात होती, तिला त्याने ऊब आणि आडोसा दिला. चारसहा दिवसांचे जे अंतर आमची मावशी जाणते, ते अंडी फुटून अळी डोळ्यांना दिसण्याइतकी मोठी होण्याचे अंतर आहे.

पाऊस मात्र ढगांपेक्षा वेगळा न्याय करतो, आणि तो न्याय दोन्ही बाजूंनी असतो. टपोऱ्या थेंबांची जोरदार सर आली तर अंडी व लहान अळ्या धुऊन खाली पडतात. मातीत पाणी साचले तर कोष गुदमरतात. सततच्या ओलाव्यात अळीला बुरशीचे रोग होतात. याउलट नुसती झिमझिम झाली तर अळीला काहीच बाधत नाही आणि फुलोरा तेवढा वाढतो. हरभऱ्याच्या बाबतीत पावसाचा आणखी एक अपाय आहे, आणि तो आम्हांला सर्वांत विलक्षण वाटतो. हरभऱ्याच्या पानांवर, घाट्यांवर बारीक लव असते आणि तिच्यातून आंबट रस पाझरतो. पहाटे हरभऱ्यातून चालत गेले की पायांना झोंबतो तो हाच. जुन्या बायका रात्री पिकावर स्वच्छ धोतर पसरीत, पहाटे दवाने भिजलेले ते धोतर पिळून बाटलीत ही आंब जपून ठेवीत. पोटदुखीवर थेंबभर देत. तीत मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही आम्ले असतात, आणि ऑक्झॅलिक आम्लाने घाटे अळीची वाढ खुंटते असे संशोधकांनी दाखविले आहे. म्हणजे हरभरा आपले औषध आपणच तयार करतो. अवेळी पाऊस पडला की हे औषध धुऊन जाते, आणि नेमकी त्याच वेळी अळी बळावते. परंतु याच आंबेमुळे अळीच्या अंड्यांवर जगणारी ट्रायकोग्रामा नावाची उपकारक चिमुकली माशी हरभऱ्यावर टिकत नाही, हेही सांगितले पाहिजे. निसर्गातील तटबंदी मित्र आणि शत्रू यांत फार भेद करीत नाही.

तुरीवर घाटे अळी एकटी येत नाही. मारुका नावाची ठिपक्यांची अळी फुले व पाने जाळ्याने एकत्र गुंफून आत बसते. ओलसर, ढगाळ हवा तिला सर्वांत मानवते, आणि एकदा जाळे विणून बसली की तिच्यावर फवारणी पोहोचत नाही. पिसारी पतंगाची काटेरी लव असलेली अळी शेंगेबाहेरून दाणा कुरतडते आणि शेंगेवरच कोष करते. पण धुऱ्यावरच्या तुरीचे खरे दुखणे तिसरेच आहे, ते म्हणजे शेंगमाशी. घरमाशीहूनही लहान, काळसर अशी ही माशी कोवळ्या शेंगेच्या सालीत अंडी घालते. पांढरी अळी आत दाणा पोखरते, आतच कोष करते. बाहेरून शेंग हिरवीगार, भरलेली दिसते. मळणीच्या दिवशी ती फोडावी तो आत काळवंडलेला, कुजका दाणा. घाटे अळी निदान आपले भोक दाखविते. शेंगमाशी काहीच दाखवीत नाही. आमची धुऱ्यावरची तूर उशिरा पिकणारी, जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत शेंगा धरणारी, म्हणून ही माशी आमच्याकडे अधिक. लवकर पिकणारी तूर लावली तर ती हिच्या तावडीतून बरीचशी सुटते, असे कृषी विद्यापीठाचे लोक सांगतात. ते खरेच आहे. पण लवकरची तूर धान उभे असताना, ऑक्टोबरच्या ओलाव्यात फुलते, आणि मग मारुकाच्या हाती सापडते. त्यामुळे पेरणीच्या दिवशीच शेतकऱ्याला आपला शत्रू निवडावा लागतो.

लाखोरीची गोष्ट आणखी निराळी. तिच्यावर येतो तो मावा आणि फुलकिडे. मावा म्हणजे कोवळ्या शेंड्यावर चिकटून रस शोषणारे शेकडो बारीक जीव. वालावर पडणारा काळा मावा वसईकरांनी पाहिला असेल, त्याचेच हे भाऊबंद. यांच्यातील मादीला अनुकूल हवेत नराची गरज नसते आणि अंडी घालण्याचीही नसते. ती जिवंत पिलांनाच जन्म देते, आणि ती पिले आठदहा दिवसांत स्वतः आया होतात. सौम्य थंडी, ढगाळ दिवस, दमट हवा असे आठवडाभर राहिले तर पंधरा दिवसांपूर्वी जेथे एक ठिपका होता तेथे काळी शेंबी दिसू लागते. मग एक जोरदार सर येते आणि निम्मा मावा चिखलात. किंवा कडक ऊन पडते, लालबुंद ढालकिडे येतात आणि तो फस्त करतात. लाखोरीवर फवारणी करणारा शेतकरी आम्ही पाहिलेला नाही. ज्या पिकावर पेरणीचाही खर्च केला नाही त्यावर औषधाचा कोण करील? तिचे सगळे भवितव्य आकाशाच्या हाती. गरिबाचे अन्न म्हणून तिच्याकडे तुच्छतेने पाहिले गेले. तिच्यातील विषारी द्रव्यामुळे पायांना लुळेपणा येतो म्हणून १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली. पुढे रतन, प्रतीक, महातिवडा असे ते द्रव्य कमी असणारे वाण निघाले. बंदी असताना आणि नसतानाही आमच्याकडे लाखोरीचे वडे होतच राहिले, ही गोष्ट निराळी.

हवामानाचा हा खेळ एका जिल्ह्यापुरता नसतो. १९९७च्या अखेरीस दक्षिण भारतात अवकाळी पाऊस आणि ढगाळ हवा दीर्घकाळ राहिली, तेव्हा आंध्र, उत्तर कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या काही भागांत घाटे अळीने तुरीचे अतोनात नुकसान केले, आणि त्या वर्षी देशाचे तुरीचे उत्पादन बरेच खाली आले. औषधे मारून मारून अळी मरेना, कारण अनेक औषधांना ती सरावली होती. तेव्हा शेतकऱ्यांनी जुनाच उपाय पुन्हा काढला. तुरीच्या ओळीखाली चादर धरायची, झाड हलवायचे आणि पडलेल्या अळ्या गोळा करून नष्ट करायच्या. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेतील शास्त्रज्ञांनीही या पद्धतीची दखल घेतली. पतंग वाऱ्याबरोबर दूर दूर प्रवास करीत असल्याने एका प्रांतातील उद्रेक हा शेजारच्या प्रांताचाही प्रश्न असतो. अलीकडे डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर आदळले आणि त्याचे ढग पूर्व विदर्भापर्यंत आले. कापून ठेवलेले धान भिजले, आणि तूर ऐन फुलात होती. समुद्र आमच्यापासून कित्येक कोसांवर. पण बंगालच्या उपसागरातील वादळाची बातमी आमच्याकडे कोळ्याच्या काळजीने ऐकली जाते.

आता प्रश्न असा की आभाळ आले असता माणसाने करावे काय? बहुतेक ठिकाणी जे होते ते असे. ढग दिसले की भीती वाटते. भीती वाटली की माणूस औषधाच्या दुकानात जातो. दुकानदार सर्वांत जहाल बाटली पुढे करतो. अळी शेतात आहे की नाही, किती आहे, लहान आहे की मोठी, हे कोणी पाहिलेले नसते. या भीतीची किंमत केवळ पैशांत मोजायची नसते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. उंच वाढलेले पीक, दमट उकाडा, अंगावर साधा सदरा, तोंडाला रुमाल. त्यांतील बरेच जण दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारीत होते. ज्या आभाळाने कीड वाढविली त्याच दमट हवेत त्यांच्या घामाने भिजलेल्या अंगातून विष आत गेले. हे आठवले की फवारणीचा विचार आम्ही फार सावकाश करतो.

सावकाश म्हणजे आळसाने नव्हे. कामगंध सापळे नावाची एक साधी वस्तू मिळते. हेक्टरी पाच लावायच्या. आतील आमिषाला मादीचा गंध असतो, त्याने फसून नर पतंग पिशवीत पडतात. सापळ्याने कीड संपत नाही, पण मोजता येते. एका सापळ्यात सलग तीन दिवस आठदहा पतंग सापडू लागले किंवा हरभऱ्याच्या ओळीत मीटरभर अंतरात एकदोन अळ्या दिसल्या तर उपाय करावा, त्याआधी नव्हे, असे सांगतात. राज्याच्या कृषी खात्याने २००९-१० पासून क्रॉपसॅप या नावाने कीडसर्वेक्षणाची योजना चालविली आहे. तिच्यामागेही हीच दृष्टी, आधी मोजा, मग बोला. शेतात ठिकठिकाणी काटक्यांचे पक्षिथांबे रोवले तर कोतवाल आणि साळुंक्या येऊन बसतात व अळ्या टिपतात. पाच टक्के निंबोळी अर्क घरी करता येतो: पाच किलो कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर भिजवायच्या, गाळून शंभर लिटर पाणी करायचे. आणि आमच्या मते सर्वांत नवलाचा उपाय म्हणजे अळीचाच रोग तिच्यावर सोडणे. या विषाणूला एचएएनपीव्ही म्हणतात. त्याने आजारी झालेली अळी झाडाच्या शेंड्यावर चढते आणि तेथे काळी पडून उलटी लटकते. माणसाला, गुरांना, मधमाशीला त्याची बाधा नाही. मात्र कडक उन्हाने तो विषाणू मरतो. म्हणून तो संध्याकाळी फवारतात आणि उन्हापासून जपण्यासाठी त्यात पांढऱ्या कपड्यांची राणीपाल पावडर मिसळतात. येथे ढगाळ हवेची बाजू एकदम पालटते: अळीला मिळणारा आडोसा तिच्या रोगालाही मिळतो. ज्या आभाळाला आपण शिव्या देतो ते या एका औषधाचे साह्यकर्तेही आहे.

ढग, वारा आणि कीड यांचे नाते पवित्र शास्त्राला नवे नाही. निर्गमाच्या दहाव्या अध्यायात टोळधाड येते ती पूर्वेच्या वाऱ्यावर स्वार होऊन, आणि जाते ती पश्चिमेच्या जोराच्या वाऱ्याने. लिहिणाऱ्याला वाऱ्याचे हे काम ठाऊक होते. टोळ वाऱ्याबरोबरच प्रवास करतात, हे आजचे हवामानशास्त्रही मानते. मंदिराच्या अर्पणप्रसंगी शलमोन जी दीर्घ प्रार्थना करतो (१ राजे, अध्याय ८), तीत दुष्काळ, पिकावरचा रोग, टोळ आणि सुरवंट यांचा एका दमात उल्लेख आहे. पाचव्या शतकात व्हिएन्न येथील बिशप मामर्तुस यांनी स्वर्गारोहणाच्या सणाआधी तीन दिवस याचनेच्या मिरवणुकांची प्रथा घातली. पुढे कित्येक शतके युरोपातील खेड्यापाड्यांत त्या दिवशी धर्मगुरू शेताशेतांतून आशीर्वाद देत फिरत. उत्तर कोकणात आगेरा साजरा करणाऱ्या आपल्या बांधवांना ही वृत्ती समजावून सांगायला नको. याच युरोपात एक विनोदी अध्यायही झाला. फ्रान्सच्या आल्प्समधील सॅं-झुलियॅं गावाने १५८७ साली द्राक्षमळे खाणाऱ्या सोंडकिड्यांवर धर्मन्यायालयात रीतसर खटला भरला. किड्यांना वकील देण्यात आला. त्यालाही बोलण्यासारखे होतेच: ही प्राणिसृष्टी माणसाच्या आधी निर्माण झाली, तिलाही हिरव्या वनस्पती अन्न म्हणून दिल्या होत्या. अखेर गावकरी किड्यांसाठी जमिनीचा वेगळा तुकडा द्यायला तयार झाले. निकाल काय लागला ते कळत नाही, कारण दप्तराचे शेवटचे पान उंदरांनी अथवा किड्यांनी खाल्ले.

यावर हसू येते खरे. पण हवा, कीड आणि शेंगावर्गीय पीक या तिन्हींकडे एकाच डोळ्याने पाहणारा एक धर्मगुरूही आपल्यात होऊन गेला, हे आपल्या मुलांना सहसा कोणी सांगत नाही. ग्रेगोर मेंडेल हे नाव विज्ञानाच्या पुस्तकात असते. ते ऑगस्टिनियन संघाचे धर्मगुरू होते, पुढे १८६८ साली ब्रनो येथील मठाचे मठाधिपती झाले, हे एखाद्या ओळीत उरकते. १८५६ ते १८६३ या काळात त्यांनी मठाच्या बागेत वाटाण्याची सुमारे २८,००० रोपे तपासली. जवळजवळ त्याच काळात, १८५७ पासून, ते ब्रनोच्या हवामानाची निरीक्षणे करू लागले होते: तापमान, वायुभार, पाऊस. १८६५ साली स्थापन झालेल्या ऑस्ट्रियाच्या हवामानशास्त्रीय संस्थेचे ते संस्थापक-सभासद. १३ ऑक्टोबर १८७० रोजी ब्रनोवर आलेल्या वावटळीवर त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिला. आणि कीड? आपल्या गाजलेल्या निबंधातच ते वाटाण्याच्या भुंग्याचा उल्लेख करतात, कारण त्याच्यामुळे परागांची सरमिसळ होण्याची भीती होती. पुढे १८६७ साली वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळविले की प्रयोगांच्या आरंभी क्वचित दिसणारा हा भुंगा १८६४ मध्ये बराच वाढला, आणि पुढच्या उन्हाळ्यात तर चौथा-पाचवा हिस्सा दाणे कसेबसे वाचले. ब्रनोच्या आसपास वाटाणा लावणेच सोडून द्यावे लागले. मेंडेलना भुंग्याने गाठण्याआधी सात-आठ हंगाम मिळाले, हे साऱ्या जगाचे भाग्य.

आम्ही आमच्या वहीत तारीख, आभाळ, पहाटेची थंडी आणि सापळ्यातील पतंग अशा चार रकान्यांची नोंद ठेवू लागलो ती मेंडेलवरूनच. थोडकी आहे, पण तिच्यावरून एवढे दिसते की ढग येणे आणि पतंग वाढणे ही जोडी दरवेळी जमत नाही. पतंग आधीच नसतील तर चार दिवस आभाळ राहिले तरी सापळा रिकामा राहतो. आणि पतंग पुष्कळ असताना कडक थंडीची लाट आली तर शेंगा बऱ्याचशा वाचतात. शेजारचे दोघे शेतकरी आता आभाळ आले की दुकानाऐवजी आधी सापळ्याकडे जातात. त्यांपैकी एकाने गेल्या हंगामात एकही फवारणी केली नाही, दुसऱ्याने एकदाच केली. दोघांच्याही घरी वर्षाची डाळ झाली. पहिल्याची थोडी कमी, असे तो स्वतःच सांगतो.

शेवटचा हिशेब घरात असतो. मार्च तापू लागला की वाळलेल्या शेंगांवर कडधान्याचा भुंगा शेतातच अंडी घालून ठेवतो, आणि ती अंडी दाण्याबरोबर पोत्यातून घरी येतात. पावसाळ्याच्या दमट उबेत त्यांचे भुंगे होऊन पोत्याचे पीठ करतात. पण सबंध दाण्यातच तो वाढतो, डाळीत त्याला नीट वाढता येत नाही. म्हणून बायका वैशाखाच्या कडक उन्हात तूर पसरून चांगली तापवितात, तेल-पाण्याचा हात लावतात, पुन्हा वाळवितात आणि मृगाचा पाऊस येण्याआधी जात्यावर किंवा गिरणीत भरडून डाळ डब्यांत बंद करतात. बियाण्यापुरती पायलीभर तूर तेवढी सबंध ठेवायची, चुलीच्या गाळलेल्या राखेत घोळून मडक्यात भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे. ते मडके फुटते ते धुऱ्यावर तूर टोकायच्या दिवशी.